सत्तरीनंतरचं ओझं… मोजून-मापून!

मैत्रिणींनो, आज एक छोटीशी गोष्ट करून बघा. घरातली आई, सासूबाई किंवा आजी जमिनीवरून उठते तेव्हा तिच्याकडे नीट लक्ष द्या. ती आधार कशाचा घेते? भिंतीचा, कॉटच्या कडेचा, की नातवाच्या खांद्याचा? आणि संडासात, जिथे धरायला काहीच नसतं, तिथे ती काय करत असेल? हे आपण विचारत नाही आणि ती सांगत नाही. मग एक दिवस फोन येतो, "मोरीत पाय घसरला." पाय घसरला हे खरंच. पण घसरलेला पाय सावरायला जी ताकद लागते, ती त्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून गुपचूप निघून चाललेली असते. तिच्या जाण्याचा फोन मात्र कुणाला येत नाही!

ही गेलेली ताकद सत्तरीनंतर परत मिळवता येते का? येते. आणि ती मिळवायचा एक खात्रीचा मार्ग म्हणजे वजन उचलणं. व्यायामशाळेत पोरं उचलतात तोच लोखंडी दांडा, दोन्ही टोकांना चकत्या लावलेला. बारबेल. वाचून हसू आलं ना? आमच्या महिला मंडळाच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा तिथेही असाच हशा पिकला होता. "आता म्हातारपणी पैलवान व्हायचं का?" असं एकीनं विचारलंही. म्हणून हा विषय जरा सविस्तर मांडते.

आमचं चाकण म्हणजे मूळचं कांदा-बटाट्याच्या बाजाराचं गाव. एमआयडीसी आली, आजूबाजूच्या वाड्यांतल्या जमिनी गेल्या, गाड्यांचे मोठमोठे कारखाने उभे राहिले. आज सत्तरीत असलेल्या इथल्या बायकांनी दोन्ही काळ पाहिले. तरुणपणी त्यांनी विहिरीवरून हंडे आणले, डोक्यावर गवताचे भारे वाहिले, कांद्याच्या पाट्या उचलल्या, पहाटे जात्यावर दळलं. पंधरा लिटर पाण्याचा हंडा म्हणजे भांडं सोडून नुसतं पाणीच पंधरा किलो! असा हंडा डोक्यावर आणि कळशी कमरेवर घेऊन त्या दिवसाला किती खेपा घालत असतील, याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

मग घरात नळ आला, गिरणी आली, गॅस आला. सुख आलं आणि ते यायलाच हवं होतं. त्या जुन्या ओझ्याचे गोडवे मला मुळीच गायचे नाहीत. ते ओझं कुणी विचारून दिलेलं नव्हतं. पोटात धड अन्न नाही, बाळंतपणाला महिना झाला नाही तोच डोक्यावर भारा. किती जणींचं अंग बाहेर आलं, किती जणी कमरेतून वाकल्या! ते ओझं ना मोजलेलं होतं ना मापलेलं. त्यात विश्रांती नव्हती आणि मर्जी तर नव्हतीच.

पण झालं असं, की ओझं गेलं ते एकदमच गेलं. काल पन्नास किलोचं पोतं ओढणारी बाई आज "आई, तुम्ही नका उचलू, मी आणते," या वाक्यात अडकली. माया म्हणूनच आपण हे म्हणतो. पण शरीराचा कारभार फार व्यवहारी असतो. जे वापरात नाही, ते तो मोडीत काढतो. पंचाहत्तरीच्या सुमारास स्त्रियांचे स्नायू वर्षाला साधारण पाऊण टक्क्याच्या आसपास घटतात, ताकद मात्र अडीच ते तीन टक्के इतक्या वेगाने उतरते. म्हणजे हातपाय दिसायला फारसे बदलत नाहीत, पण आतला जोर चाललेला असतो. त्यातही झटकन हालचाल करणारे, पडताना पाय पुढे टाकून सावरणारे स्नायूंचे धागे आधी बारीक होतात. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. आयर्विन रोझेनबर्ग यांनी या झिजेला 'सार्कोपेनिया' हे नाव दिलं. त्याआधी त्याला साधं 'वय झालं' म्हणत असत. आपण अजूनही तेच म्हणतो!

आता माझ्या घरातली गोष्ट सांगते. माझ्या यजमानांच्या सख्ख्या आत्या चाकणजवळच्या एका वाडीवर एकट्या राहतात. पंचविशीत वैधव्य आलं, मूलबाळ नाही. तेव्हापासून त्या माहेरच्या दोन खणांच्या घरात राहिल्या. शेत कारखान्यांत गेलं, घर तेवढं राहिलं. दारात तुळस, मागे शेवग्याचं झाड, दोन शेळ्या. तीन वर्षांपूर्वी, वयाच्या ७३ व्या वर्षी, पहाटे त्या मोरीत पडल्या. हाड मोडलं नाही, नुसता मुका मार लागला. पण त्यांना उठताच येईना. दीड तास ओल्या फरशीवर पडून होत्या. दूधवाल्यानं हाक मारली, आतून क्षीण आवाज आला, तेव्हा कुठे दार ढकललं गेलं.

मार पंधरा दिवसांत बरा झाला. खरा मार पुढे बसला. सगळे पुतणे जमले आणि घराला कुलूप लावायचं ठरलं. तिघांकडे चार-चार महिने राहायचं, अशी वाटणी झाली. कुणाचाही हेतू वाईट नव्हता. आत्याबाई सगळं ऐकून घेऊन एवढंच म्हणाल्या, "म्या काय पालखी हाय व्हय, आज हितं मुक्काम आन् उद्या तितं?" कुणाला काही उत्तर सुचलं नाही.

उत्तर आमच्या दिरांच्या मुलीनं शोधलं. ती फिजिओथेरपी शिकते. तिनं विचारलं, "आजी, पडलीस ते सोड. पण उठता का आलं नाही?" खरं तर हाच कळीचा प्रश्न होता. हाड शाबूत, डोकं शाबूत, मग माणूस दीड तास जमिनीवर का राहतं? कारण मांड्यांत आणि कमरेत स्वतःचं वजन उचलण्याइतकी ताकद उरलेली नसते. तिनं आत्याबाईंना एका खुर्चीवर बसवलं, हातांची घडी घालायला लावली आणि पाच वेळा उठून बसायला सांगितलं. दुसऱ्या वेळीच त्यांचा हात खुर्चीकडे गेला. आशियातल्या तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये ठरवून दिलेला मापदंड असा आहे, की हाताचा आधार न घेता पाच वेळा उठायला-बसायला १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागत असतील, तर ती ताकद घटल्याची खूण समजावी. घड्याळ लावून आपल्या घरीही हे बघता येतं. फक्त खुर्ची भिंतीला टेकवलेली हवी आणि शेजारी कुणीतरी उभं हवं.

डॉक्टरांकडे तपासणी झाली. रक्तदाब, हृदय, डोळे, गुडघे, हाडांची घनता, सगळं पाहिलं. हाडं विरळ झाली होती, दोन्ही गुडघ्यांत झीज होती. डॉक्टर म्हणाले, "व्यायाम करा, पण जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली." मग हायवेलगतच्या एका व्यायामशाळेत शिकवणारी सांगलीकडची एक मुलगी भेटली. कॉलेजात वेटलिफ्टिंग खेळलेली. सांगलीत या खेळाची आवड मोठी. तिथल्याच संकेत सरगरनं २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात एकूण २४८ किलो वजन उचलून रौप्यपदक आणलं. ही मुलगी म्हणाली, "सकाळी अकराला या. पहिल्या पाळीची पोरं कंपनीत असतात, दुसऱ्या पाळीची घरी जेवत असतात. हॉल रिकामा असतो." कारखान्यांच्या पाळ्यांचा असाही उपयोग!

पहिल्या दिवशी आत्याबाई नऊवारी नेसून गेल्या. गावात बोलणं झालंच, "म्हातारी तालमीत चालली." त्यांनी लक्ष दिलं नाही. १६६० साली शाइस्ताखानाच्या फौजेपुढे फिरंगोजी नरसाळ्यांनी ज्या गावचा भुईकोट किल्ला जवळपास दोन महिने लढवला, त्या गावची माती आहे ही! शिकवणाऱ्या मुलीनं मात्र नऊवारी पाहून समाधानानं मान हलवली. काष्टा असला की पाय मोकळे राहतात, बैठक नीट मारता येते. तिची अट एकच होती. पदर कमरेला घट्ट खोचायचा, दांड्यात अडकता कामा नये. आणि चपला काढून सपाट तळाचे कॅनव्हासचे बूट घालायचे.

पहिला महिनाभर लोखंडाला हातही लावला नाही. उंच खुर्चीवरून उठबस आणि काठी हातात घेऊन वाकणं एवढंच. वाकणं म्हणजे काय, तेही शिकावं लागतं बरं का! आपण केर काढताना पाठीची कमान करून वाकतो. इथे पाठ सरळ ठेवून खुब्यातून वाकायचं, ढुंगण मागे ढकलायचं, जसं दोन्ही हातांत बादल्या असताना आपण दार मागे लोटतो. हे जमलं की मग पाच किलोचा पाइप, मग दहा किलो. पुढे बायकांच्या स्पर्धेत वापरतात तो पंधरा किलोचा बार. पुरुषांचा वीस किलोचा असतो. तो बार जमिनीवर न ठेवता लाकडी ठोकळ्यांवर, गुडघ्याच्या जरा खाली येईल असा ठेवला, म्हणजे फार खाली जावं लागत नाही. जमिनीवरून किंवा ठोकळ्यावरून वजन उचलून सरळ उभं राहायचं, याला डेडलिफ्ट म्हणतात. नाव घाबरवणारं आहे, पण आपण पाण्याची बादली उचलतो तेच ते.

बारबेलची खरी गंमत इथेच आहे. हंडा भरलेला असतो नाहीतर रिकामा. पोतं पन्नास किलोचं असतं, ते काही बाईची तब्येत बघून चाळीसचं होत नाही. बारबेलला मात्र दोन्ही टोकांना सव्वा-सव्वा किलोची चकती लावता येते, म्हणजे एकूण अडीच किलोच वाढलं. आज जमलं नाही तर चकती काढून ठेवायची. वजन दोन्ही हातांत सारखं विभागलं जातं, शरीराच्या अगदी जवळ राहतं. वहीत तारीख, वजन आणि किती वेळा उचललं ते लिहायचं. आठवड्यातून दोनच दिवस, मंगळवार आणि शुक्रवार, चाळीस मिनिटं. मधले दिवस विश्रांतीचे, कारण उचलताना स्नायू थकतो आणि विश्रांतीत, पोटभर अन्नावर तो बळकट होतो. आत्याबाई एकदा म्हणाल्या, "जल्मभर वजी उचाललं, पर 'आता बसा जरा, दम खावा' आसं ह्या पोरीनंच पैल्यांदा सांगितलं." ऐकून मी गप्पच झाले.

सगळं सुरळीत झालं असं नाही. गुडघ्यांमुळे पूर्ण खालपर्यंत बैठक त्यांना अजूनही जमत नाही, खुर्चीच्या उंचीपर्यंतच जातात. डोक्यावर वजन नेताना डावा खांदा दुखू लागला, तेव्हा दोन महिने तो प्रकार बंद ठेवला. एका पावसाळ्यात तापानं तीन आठवडे खाडा झाला, परत आल्यावर वजन कमी करून सुरुवात करावी लागली. पण वर्षाच्या शेवटी त्या ठोकळ्यावरून साडेबत्तीस किलो उचलत होत्या. घरातला भरलेला गॅस सिलिंडर साधारण तीस किलोचा असतो. (सिलिंडर उचलायला मात्र त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि तुम्हीही सांगू नका!)

या सगळ्यात एक गोष्ट त्या मुलीनं वजनाइतक्याच आग्रहानं शिकवली. पडल्यावर उठायचं कसं? आधी घाबरून धडपडायचं नाही, कुठे मोडलंय का ते बघायचं. मग कुशीवर वळायचं, कोपरावर जोर देऊन हात-गुडघ्यांवर यायचं, रांगत खुर्ची किंवा पायरीपर्यंत जायचं, एक पाऊल पुढे रोवायचं आणि मांडीच्या जोरावर उठायचं. आठव्या महिन्यात आत्याबाईंनी हे तिन्ही पुतण्यांसमोर करून दाखवलं. कुणाचा हात धरला नाही. किल्ली त्यांच्या हातात परत आली. मोरीत दोन दांड्या बसवल्या, फोन गळ्यात अडकवायला दोरी लावली, आणि त्या आपल्या घरी गेल्या. गेल्या पावसाळ्यात अंगणातल्या शेवाळावरून त्या पुन्हा घसरल्या. या वेळी उठल्या, साडी बदलली, चहा ठेवला आणि मग फोन केला, "पडले व्हते. उठले. सांगून ठिवते." आज त्या ७६ वर्षांच्या आहेत. गुडघे दुखतात. पण घर उघडं आहे.

तुम्ही म्हणाल, ही एका घरातली गोष्ट झाली. म्हणून जरा बाहेर बघू. अभिनेते मिलिंद सोमण यांच्या आई उषा सोमण यांनी २०२० साली आपला ८१ वा वाढदिवस साडीत पंधरा जोर काढून साजरा केला, तो व्हिडिओ अनेकींनी पाहिला असेल. त्याच वर्षी पुण्याच्या रस्त्यावर लाठी-काठीचे खेळ करणाऱ्या ८५ वर्षांच्या शांताबाई पवार सगळ्या देशाला माहीत झाल्या. ते पोटासाठी होतं, हे विसरून चालणार नाही. पण त्या वयातला त्यांचा हातांचा वेग पाहून तरुणही थक्क झाले. चेन्नईच्या किरणबाई घरात पडून घोटा दुखावल्यावर नातवाच्या मदतीने वजन उचलायला लागल्या. तेव्हा त्या ८२ वर्षांच्या होत्या, आणि तेही साडी नेसून! दिल्लीच्या रोशनीदेवी सांगवान यांनी सांधेदुखीने बेजार झाल्यावर ६८ व्या वर्षी व्यायामशाळेची पायरी चढली. शिकवणारा त्यांचाच मुलगा.

आणि ही नुसती हौस नाही, डॉक्टर मंडळींनी हे तपासून पाहिलेलं आहे. १९९० साली अमेरिकेत बॉस्टनला डॉ. मारिया फियातारोने यांनी वृद्धाश्रमातल्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. त्यांची वयं होती ८६ ते ९६! यंत्रावरची वजनं होती, पण हलकी-फुलकी नव्हती. ज्यांनी तो पूर्ण केला, त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट झाली. दोघांची काठी सुटली. व्यायाम थांबवल्यावर काही आठवड्यांतच ताकद पुन्हा घसरली, हेही त्यांनी नोंदवलं. म्हणजे हे काही एकदा घ्यायचं औषध नाही, रोजच्या जेवणासारखं आहे.

बारबेलचाच अभ्यास हवा असेल तर ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाचा बघा. प्राध्यापक बेलिंडा बेक यांच्या गटाने २०१८ मध्ये तो प्रसिद्ध केला. ५८ वर्षांवरच्या, हाडं विरळ झालेल्या १०१ स्त्रिया, सरासरी वय ६५. त्यातल्या अर्ध्याजणींनी घरी हलके व्यायाम केले. बाकीच्यांनी आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, डेडलिफ्ट, खांद्यावर बार घेऊन बैठका आणि डोक्यावर वजन नेणं हे प्रकार केले. सोबत उडी मारून पायांवर जोरात उतरण्याचा व्यायामही होता. सुरुवात हळू, पण पुढे चांगलं जड वजन. आठ महिन्यांनी जड वजन उचलणाऱ्यांच्या कण्याच्या हाडांची घनता जवळपास २.९ टक्क्यांनी वाढली, तर हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्क्यांनी घटली. आणि दुखापत? सगळ्या काळात एकीच्या कमरेत किरकोळ उसण भरली, एवढंच. हाडावर ताण आला की हाड बांधणाऱ्या पेशी कामाला लागतात. नुसत्या चालण्याने हाडांवर तेवढा ताण येत नाही. म्हणून "मी रोज देवळापर्यंत चालते की," हे उत्तर चांगलं आहे, पण पुरेसं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० मध्ये सांगितलं आहे, की ६५ वर्षांवरच्या माणसांनी चालण्यासारखा व्यायाम तर करावाच, पण आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा आणि तीन दिवस तोल सांभाळणारा व्यायाम करावा. आपल्याकडे तर याची घाई जास्त आहे. आपल्या देशात बायकांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य बायकांपेक्षा काही वर्षं आधी. म्हणजे हाडांची झीजही आधी सुरू होते. आणि खुब्याचं हाड मोडलं तर? जगभरचा अनुभव असा, की अशा वृद्धांपैकी साधारण पाचातलं एक माणूस पुढचं वर्ष बघत नाही. वाचलेल्यांपैकी पुष्कळजण पहिल्यासारखे चालत नाहीत. भीती घालायला हे लिहीत नाही. पण "या वयात वजन उचलणं धोक्याचं," असं म्हणताना न उचलण्याचा धोकाही तागडीत टाकायला हवा ना!

आता जेवणाचं. वजन उचलायचं आणि दुपारी चहा-चपातीवर भागवायचं, असं चालत नाही. वय वाढलं की जेवण कमी होतं आणि त्यातून पहिली कमी होतात ती प्रथिनं. उतारवयात शरीराच्या दर किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं पोटात जावीत असं तज्ज्ञ सांगतात. म्हणजे पन्नास किलोच्या बाईला पन्नास-साठ ग्रॅम. दोन अंड्यांतून साधारण बारा ग्रॅम मिळतात, मोठा कप दुधातून आठ, वाटीभर घट्ट वरणातून सहा-सात, मूठभर शेंगदाण्यांतून सात-आठ. आपल्या भागातले हुलगे तर फार गुणाचे. शंभर ग्रॅम कोरड्या हुलग्यांत जवळपास बावीस ग्रॅम प्रथिनं असतात. आत्याबाई आठवड्यातून दोनदा शेंगोळे करतात, मोड आलेली मटकी खातात, आणि चतुर्थीला साबुदाण्याऐवजी दूध, दही नि शेंगदाणे घेतात. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी मात्र प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे.

काही गोष्टी ठामपणे सांगायला हव्यात. रक्तदाब ताब्यात नसेल, नुकताच हृदयाचा त्रास झाला असेल, मणका दबला असेल, हर्निया असेल, नुकतंच डोळ्याचं किंवा पोटाचं ऑपरेशन झालं असेल, अंग बाहेर येण्याचा त्रास असेल, तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय वजनाला हात लावू नका. उचलताना श्वास कोंडू नका, उठताना श्वास सोडा. छातीत दुखलं, चक्कर आली, अंधारी आली तर लगेच थांबा. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या तर घाबरू नका, पण सांधा सुजला किंवा कळ पायात उतरली तर वजन चुकलं असं समजा. मोबाइलवर व्हिडिओ बघून आजीच्या हातात बार देऊ नका. ऑस्ट्रेलियातल्या त्या बायकांच्या शेजारीही प्रत्येक वेळी शिकलेलं माणूस उभं होतं. सत्तरीत तर आणखी सावकाश जायचं.

"आमच्या गावात कुठली व्यायामशाळा आणि कुठली शिकवणारी!" असं तुमच्यापैकी पुष्कळजणी म्हणतील. बरोबर आहे. पण सुरुवातीला बार लागतच नाही. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हात न लावता दहा वेळा उठा-बसा, विश्रांती घेऊन पुन्हा दहा वेळा. भिंतीवर तळवे टेकवून उभ्यानं जोर काढा. ओट्याला बोट लावून एका पायावर उभं राहा. हे सोपं वाटू लागलं की पाणी कामाला येतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो! कडीच्या दोन सारख्या बादल्या स्टुलावर ठेवा, मापाने दोन-दोन लिटर पाणी घाला, पाठ सरळ ठेवून उचला, उभ्या राहा, परत ठेवा. पुढच्या आठवड्यात अर्धा-अर्धा लिटर वाढवा आणि वहीत लिहा. ज्या बादलीनं एके काळी पाठ मोडली, तीच बादली आता मोजून-मापून पाठीला बळ देईल.

आणि जिथे व्यायामशाळा आहे, तिथे चार जणींनी मिळून दुपारचा एक तास मागून घ्या. एकटीला संकोच वाटतो, चौघींना नाही. पुरुषांचं वजन उचलणं १८९६ च्या पहिल्याच ऑलिंपिकमध्ये होतं. बायकांना त्या लोखंडाला हात लावायला २००० साल उजाडावं लागलं, आणि त्याच वर्षी सिडनीत कर्णम मल्लेश्वरीनं एकूण २४० किलो उचलून कांस्यपदक आणलं. ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री! दार उघडायलाच वेळ लागतो, आपल्या बायका आत गेल्या की मागे राहत नाहीत.

आमच्या मंडळातल्या सहा जणी आता मंगळवार-शुक्रवारी आत्याबाईंबरोबर जातात. सगळ्यात लहान ५१ ची. परवा तिनं विचारलं, "आत्याबाई, ह्याचा फायदा काय हो नेमका?" आत्याबाई बूट घालत होत्या. त्या म्हणाल्या, "फायदा? आगं, रातच्याला संडासला जायचं तर कुनाला हाक मारावी लागत न्हाई."

तेव्हा मैत्रिणींनो, यंदा आईच्या किंवा सासूबाईंच्या वाढदिवसाला साडी घ्याल ती घ्याच. पण तिला एकदा खुर्चीवर बसवून, घड्याळ लावून, पाच वेळा उठून बघायला सांगा. आणि पुढच्या वेळी तिनं पाण्याची कळशी उचलली, तर लगबगीनं हातातून काढून घेऊ नका. शेजारी उभ्या राहा… आणि तिला उचलू द्या.